आयबुक जी-४ वर फोल्डर आणि प्रश्नचिन्ह येतंय? स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवा, आधी कीबोर्ड वापरा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मामांचं नाशिकरोडला लग्नपत्रिका आणि पॅम्फ्लेटचं डीटीपीचं दुकान होतं, ते बंद झालं, आता माळा साफ करताना पांढरा बारा इंची आयबुक जी-४, म्हणजे ॲपलचा जुना लॅपटॉप, निघाला. चार्जर लावून चालू केला तर सुरुवातीचा तो लांब सूर वाजतो आणि मग राखाडी स्क्रीनवर फोल्डर आणि प्रश्नचिन्ह आलटूनपालटून दिसत राहतं. एका दुकानात दाखवलात तर "बोर्ड गेलाय, भंगारात टाका" म्हणाले. तुम्हाला मामांच्या क्वार्कच्या (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) जुन्या फाइल्स पाहिजेत, शिवाय रॅम वाढवायची, एसएसडी टाकायची, लिनक्स पण बसवून बघायचंय आणि चालू करताना कुठल्या की दाबायच्या तेही विचारलंय.

मी बरीच वर्षं प्रेसवाल्यांचे मॅकच दुरुस्त करतोय त्यामुळे सरळ सांगतो, तुम्ही सांगताय त्या लक्षणांवरून बोर्ड गेलेला नाहीये. तो सूर वाजला म्हणजे मशीनने स्वतःची रॅम आणि रॉम तपासली आणि ती पास झाली. रॅममध्ये गडबड असती तर सुराऐवजी बीप आले असते, एक बीप म्हणजे रॅम सापडलीच नाही, तीन बीप म्हणजे सापडली पण चाचणीत नापास. आणि फोल्डरवर प्रश्नचिन्ह याचा अर्थ एवढाच की मशीन जागं झालं, स्क्रीन चालू झाली, आणि आता ते सिस्टिम असलेली डिस्क शोधतंय पण ती त्याला मिळत नाहीये. या मॉडेलला बोर्डाचं एक जुनं दुखणं आहे हे खरं, आतल्या एका चिपचा सोल्डर तुटतो, पण त्याची तऱ्हा वेगळी असते: पंखा पूर्ण जोरात फिरतो, स्क्रीन काळी, सूर नाही, आणि ट्रॅकपॅडच्या डाव्या बाजूला जिथे तळहात टेकतो तिथे दाबलं की अचानक चालू होतो. तुमच्याकडे यातलं काहीच नाही.

म्हणून आत्ता उघडू नका. फॉरमॅट तर अजिबातच करू नका. या मशीनमध्ये कीबोर्डवरूनच निम्म्याहून जास्त तपासणी होते आणि ती फुकट असते. एक लक्षात ठेवा, की दाबायची वेळ म्हणजे सूर वाजला की लगेच, आणि नुसती टिचकी मारून सोडायची नाही, धरून ठेवायची. लॅपटॉपचाच कीबोर्ड वापरा.

सगळ्यात आधी ऑप्शन, ज्याच्यावर बारीक अक्षरात ऑल्ट पण लिहिलेलं असतं. ती धरली की निळसर स्क्रीनवर बूट होण्यासारख्या जेवढ्या डिस्क सापडतील तेवढ्यांची चित्रं येतात, डावीकडे गोल बाण म्हणजे परत शोध, उजवीकडे सरळ बाण म्हणजे चालू कर. इथे घाई करू नका, घड्याळाचं चिन्ह फिरत राहतं आणि जुनी डिस्क असली तर मिनिटभर पण लागतं, लोक तेवढ्यात बटण दाबून बंद करतात. आता इथे दोन शक्यता. मामांच्या हार्डडिस्कचं चित्र दिसलं तर पार्टी द्या, कारण मग नुसती "कुठल्या डिस्कवरून चालू व्हायचं" ही नोंद पुसली गेलीये, ती डिस्क निवडा, उजवा बाण दाबा, आत गेलात की सिस्टिम प्रेफरन्सेसमधल्या स्टार्टअप डिस्कमध्ये जाऊन तीच डिस्क पक्की करा, संपलं. चित्र आलंच नाही तर डिस्क दिसत नाहीये किंवा तिच्यावरची सिस्टिम खराब झालीये, आणि या दोन्ही गोष्टींचा इलाज वेगळा आहे.

तिसरी एक शक्यता पण असते, ऑप्शन धरल्यावर कुलूप आणि पासवर्डचा चौकोन येतो. दुकानातली मशीन असल्यामुळे मामांनी लावलेला असू शकतो, आधी त्यांनाच विचारा. त्यांनाही आठवत नसेल तर कीबोर्डखालची जास्तीची रॅम काढायची (म्हणजे रॅमचा आकडा बदलला पाहिजे), आणि मग कमांड, ऑप्शन, पी, आर या चार की एकत्र धरून सूर तीनदा वाजू द्यायचा, तो पासवर्ड जातो. याच चार कींनी पीरॅम, म्हणजे सेटिंग लक्षात ठेवणारी छोटी मेमरी, साफ होतो, पण कुलूप असेपर्यंत नुसत्या त्या दाबून काही होत नाही, रॅम हलवायलाच लागते.

बाकीच्या की पटापट सांगतो. सी धरली की सीडी-डीव्हीडीवरून चालू होतो. ट्रॅकपॅडचं बटण दाबून ठेवलं की आत अडकलेली डिस्क बाहेर येते. शिफ्ट म्हणजे सेफ बूट, फक्त गरजेपुरत्या गोष्टी घेऊन चालू होणं. कमांड आणि व्ही म्हणजे चालू होताना मागे काय चाललंय ते सगळं अक्षरांत दिसतं, मला ही सगळ्यात जास्त आवडते कारण डिस्क मरत असेल तर "डिस्क झिरो एस थ्री, आय-ओ एरर" अशा ओळी एकाखाली एक येतात आणि मग वाद घालायला जागाच उरत नाही. कमांड आणि एस म्हणजे सिंगल युजर, नुसती अक्षरांची स्क्रीन, तिथे एफएससीके, स्पेस, डॅश, एफवाय असं टाईप करून एंटर केलं की डिस्कची वही तपासून दुरुस्त होते, "मॉडिफाइड" असं काही म्हणाला तर "ओके" म्हणेपर्यंत परत परत चालवायचं. अर्थात या शेवटच्या दोन्ही गोष्टी सिस्टिम निदान सापडत असेल तरच, तुमच्या प्रश्नचिन्हावर त्या चालणार नाहीत.

प्रश्नचिन्हावर चालतं ते ओपन फर्मवेअर, म्हणजे डिस्कच्या आधी चालू होणारा मशीनच्या आतला प्रोग्रॅम. कमांड, ऑप्शन, ओ आणि एफ, चारही एकत्र, दोन हात लागतात. पांढऱ्या स्क्रीनवर काळ्या अक्षरात स्वागत येतं, मॉडेलचं नाव येतं, मशीनच्या मते आजची तारीख काय ते येतं, आणि खाली शून्य आणि त्याच्यापुढे बाणाचं टोक अशी ओळ लुकलुकत बसते. पीसीवाल्यांना हे बायोससारखं वाटतं पण तसं नाहीये, ही अख्खी फोर्थ नावाची प्रोग्रॅमिंग भाषा आहे. गंमत म्हणून २ स्पेस ३ स्पेस अधिक स्पेस टिंब टाईप करून एंटर मारा, ५ आणि ओके असं उत्तर येईल. तो सुरुवातीचा शून्य म्हणजे स्टॅकवर, आकड्यांच्या चळतीवर, किती आकडे पडलेत त्याची मोजणी आहे, नुसतं ७ टाईप करून एंटर मारलंत तर तो शून्याचा एक होतो. याने काही बिघडत नाही, बिनधास्त करून बघा, या बॉक्सची भीती जाते.

आता कामाचं. डिर, मग स्पेस, मग एचडी, कोलन, कॉमा आणि उलटी तिरकी रेघ, सगळं इंग्रजीत, आणि स्पेस फक्त डिरनंतर. एंटर मारलं की हार्डडिस्कवरचे फोल्डर यादीसारखे दिसतात. सिस्टिम, लायब्ररी, युजर्स अशी नावं दिसली तर आनंद करा, डिस्क जिवंत आहे, मामांचा डेटा जागेवर आहे, फक्त बूट होत नाहीये. "कान्ट ओपन" असं काही आलं तर डिस्क किंवा तिच्या केबलची पट्टी गेलीये किंवा फॉरमॅट बिघडलंय. हे बघून झालं की रिसेट-एनव्हीरॅम, मग सेट-डिफॉल्ट्स, मग रिसेट-ऑल, हे तीन शब्द एकेक करून, मध्ये आडवी रेघ, प्रत्येकानंतर एंटर. शेवटच्यानंतर मशीन आपोआप रिस्टार्ट होतं. चुकून इथे आलात आणि काही करायचं नसेल तर मॅक-बूट टाईप करा नाहीतर शट-डाऊन, ते तिथे स्वागतातच लिहिलेलं असतं पण कुणी वाचत नाही.

पीएमयू (वीज सांभाळणारी चिप) रिसेट म्हणून अजून एक प्रकार आहे, मशीन बंद असताना शिफ्ट, कंट्रोल, ऑप्शन आणि पॉवर बटण एकदम दाबायचं, पाच सेकंद थांबायचं आणि मग नेहमीसारखं चालू करायचं. पण तो मशीन चालूच होत नसेल किंवा चार्जच घेत नसेल तेव्हाचा आहे, तुम्हाला त्याची गरज नाही, उगाच करू नका, लोकांना सवय लागलीये कशालाही ते करायची.

तारखेबद्दल सांगायचं राहिलं. आयबुकात घड्याळासाठी वेगळी बॅटरी नसते, त्यामुळे मोठी बॅटरी मेलेली असली आणि चार्जर काढला की घड्याळ मागे जातं. मग चालू झाल्यावर "तुमचं घड्याळ २४ मार्च २००१ च्या आधीचं आहे" अशी तक्रार येते, ती मॅक ओएस टेन बाजारात आल्याची तारीख. घाबरायचं कारण नाही, पण सगळ्यात आधी तारीख नीट करा नाहीतर इंटरनेटवरची प्रत्येक साइट सर्टिफिकेटवरून भांडते.

आता डेटा. ओपन फर्मवेअरमध्ये फोल्डर दिसले असतील तर मशीन बंद करून टी धरून चालू करा. स्क्रीनवर फायरवायरचं (जुन्या मॅकचं डेटा केबलचं पोर्ट) पिवळं चिन्ह इकडून तिकडे फिरायला लागतं आणि तुमचा आयबुक एक बाहेरची हार्डडिस्क झाला. फायरवायरच्या केबलने दुसऱ्या मॅकला जोडा, डिस्क डेस्कटॉपवर येते. अडचण एकच, नव्या मॅकला फायरवायरच नाही, म्हणून २०१२ च्या आसपासचा एखादा मॅकबुक प्रो शोधा, कॉलेजरोडला फोटोग्राफी-एडिटिंग करणाऱ्या लोकांकडे कपाटात पडलेले असतात. नाहीतर जुना पीसी ज्याला फायरवायर पोर्ट आहे, त्यावर लिनक्स लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारं लिनक्स) चालवा, तो मॅकची डिस्क वाचतो. विंडोज वाचत नाही आणि वरून "फॉरमॅट करू का" विचारतं. तिथे हो म्हणालात तर माझ्याकडे येऊ नका.

आणि इथेच डीटीपीवाल्यांचा सगळ्यात मोठा घात होतो, म्हणून हे नीट वाचा. जुन्या मॅकच्या फाइलला दोन भाग असतात, एक डेटाचा आणि दुसरा रिसोर्स फोर्क. जुन्या मॅक फॉन्टचा जवळजवळ सगळा मजकूर त्या दुसऱ्या भागात असतो. तुम्ही ते फॉन्ट सरळ पेनड्राईव्हवर ओढून विंडोजला नेले की तिथे फाइल दिसते, नाव दिसतं, साईज शून्य केबी. माणूस म्हणतो कॉपी झालं, मूळ डिस्क पुसतो, आणि सहा महिन्यांनी मामांची पत्रिका उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची नुसती भेळ, कारण त्या वेळचे मराठी फॉन्ट युनिकोड (सगळीकडे सारखं वाचलं जाणारं) नव्हते, मजकूर फॉन्टशिवाय वाचताच येत नाही. म्हणून फाइल सुट्या कॉपी करायच्याच नाहीत. मॅकवरच डिस्क युटिलिटीमध्ये अख्ख्या डिस्कची इमेज बनवा, ती एक फाइल असते आणि आत दोन्ही भाग शाबूत राहतात. ती ठेवायची डिस्क मॅक ओएस एक्स्टेंडेडमध्ये फॉरमॅट केलेली असू दे, फॅट-३२ वर ४ जीबीच्या वर एक फाइल जात नाही. फॉन्टचे फोल्डर बहुतेक दोन-तीन ठिकाणी असतात, सिस्टिममध्ये पण आणि कामाच्या फोल्डरमध्ये पण, इमेज काढली की ते शोधायची कटकटच नाही.

डिस्क कटकट आवाज करत असेल तर मात्र वरचे प्रयोग बंद. प्रत्येक वेळी चालू केली की तिचं आयुष्य कमी होतंय. अशा वेळी ती बाहेर काढून आयडीई-टू-यूएसबी कन्व्हर्टरवर एकाच बैठकीत इमेज काढायची. हा कन्व्हर्टर एमजी रोडला एखाद्या जुन्या रिपेअरवाल्याच्या ड्रॉवरमध्ये अजून मिळतो, विचारताना "लॅपटॉपची ४४ पिनची आयडीई" असं स्पष्ट सांगा, नाहीतर नव्या प्रकारच्या डिस्कचा, साटाचा, हातात ठेवतात.

डिस्क बाहेर काढणं हे या मशीनमधलं सगळ्यात वैतागाचं काम. रॅम सोपी आहे, बॅटरी काढा, कीबोर्डच्या वरच्या कडेला दोन खटके आहेत ते खाली ओढा, कीबोर्ड उलटा करून तळहाताच्या बाजूला ठेवा, एअरपोर्ट कार्ड आणि त्याखालची पत्र्याची झाकणी काढली की एक स्लॉट दिसतो. हार्डडिस्कसाठी मात्र तळाचे रबरी पाय, खालचं प्लास्टिक, खालचा पत्रा, मग वरचं प्लास्टिक, वरचा पत्रा असा सगळा कांदा सोलायला लागतो, आणि स्क्रू एकसारखे दिसतात पण लांबीला वेगळे. पॉवर बटणाची जी बारीक वायर आहे तिचा कनेक्टर वायर धरून ओढायचा नाही, नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने वर उचलायचा, तो सॉकेटसकट बोर्डावरून उपटून आलेली मशीन्स माझ्याकडे येतात. तुमच्याकडे वेळ आणि मोठं टेबल असेल तर करा, पावसाळ्यात दर तासाला लाईट जात असेल तर नका करू.

एवढं उघडलंच आहे तर नवी डिस्क टाकूनच बंद करा. एमसाटा एसएसडी आणि एमसाटा-टू-आयडीई अडॅप्टर, १२८ जीबी भरपूर झाली, मूळ डिस्क ४० जीबीच्या आसपासचीच असते. एसएसडीने मशीन रॉकेट होत नाही, पण आवाज जातो, उष्णता कमी होते आणि रोजचं हाताळणं सुसह्य होतं. फॉरमॅट करताना पार्टिशनच्या ऑप्शन्समध्ये ॲपल पार्टिशन मॅप निवडा, जीयूआयडी निवडलंत तर पॉवरपीसी (या मशीनचा प्रोसेसर) त्यावरून बूट होत नाही आणि तुम्ही परत त्याच प्रश्नचिन्हावर.

रॅम किती बसेल हे मॉडेलवर आहे. बारा इंचीमध्ये ऑक्टोबर २००३ चा ८०० मेगाहर्ट्झ, २००४ च्या एप्रिलचा १ गिगाहर्ट्झ, त्याच वर्षाच्या ऑक्टोबरचा १.२, आणि जुलै २००५ चा १.३३. शेवटच्यात बोर्डावरच ५१२ एमबी आहे, स्लॉटमध्ये १ जीबीची पीसी-२७०० टाकली की दीड जीबी. १ आणि १.२ वाल्यात बोर्डावर २५६, म्हणजे सव्वा जीबीपर्यंत. ओपन फर्मवेअरच्या स्वागतात पॉवरबुक ६,७ असं दिसलं तर तुमचा २००५ चा. आयबुक असून पॉवरबुक का लिहितो म्हणून गोंधळू नका, आतलं नाव तेच असतं.

सिस्टिम कुठली? इथे माझं मत ठाम आहे, टायगर, म्हणजे मॅक ओएस टेनचं १०.४. लोक लेपर्डच्या (१०.५) मागे लागतात कारण ते नवं, २००७ चं, आणि १०.५.८ हे पॉवरपीसीसाठीचं शेवटचं. पण लेपर्डला अधिकृतपणे ८६७ मेगाहर्ट्झ लागतात, ८०० वाला तिथेच बाद, आणि मुख्य म्हणजे लेपर्डमध्ये क्लासिक नाही. क्लासिक म्हणजे टायगरच्या आत चालणारं मॅक ओएस ९. क्वार्क एक्सप्रेस ६ च्या आधीची सगळी व्हर्जन्स ओएस ९ चीच, आणि मामांच्या काळात नाशिकमध्ये मी जी दुकानं बघितली तिथे क्वार्क ४ च्या पुढे फारसं कुणी गेलं नव्हतं. लेपर्ड टाकलंत की मामांच्या जुन्या क्वार्कमधून त्या फाइल्स उघडायचा रस्ताच बंद. आणि हो, मामांना डोंगल कुठेय विचारा, त्या वेळच्या बऱ्याच महागड्या सॉफ्टवेअरला यूएसबीचं लॉक लागायचं, ते माळ्यावरच एखाद्या डब्यात असेल.

टायगरची डीव्हीडी टाकताना राखाडी रंगाची दुसऱ्या मॉडेलबरोबर आलेली चालत नाही, रिटेलची काळी चालते. ड्राईव्हची लेन्स एवढ्या वर्षांनी थकलेली असते, डिस्क आत घेऊन घरघर करून बाहेर फेकत असेल तर फायरवायरच्या डिस्कवर इन्स्टॉलरची इमेज रिस्टोअर करून ऑप्शनने बूट करा. यूएसबीवरून अधिकृत नाही, ऑप्शनच्या स्क्रीनवर बहुतेक वेळा दिसतही नाही, पण ओपन फर्मवेअरमधून पत्ता देऊन बूट करता येतं, पत्ता प्रत्येक पोर्टला वेगळा असतो म्हणून तो भाग तुम्ही तिथे पोचलात की वेगळा विचारा.

लिनक्स टाकायचंच असेल तर टाका, पण मामांची डिस्क इमेज होऊन एकदा उघडून बघितल्यानंतर. डेबियनने अधिकृतपणे या प्रोसेसरला शेवटचा हात दिला तो आठव्या आवृत्तीत, त्यानंतर पोर्ट (अनधिकृत आवृत्ती) म्हणून हौशी लोक चालवतात. ओपनबीएसडी आणि नेटबीएसडी या लिनक्ससारख्याच फुकट सिस्टिम अजून सांभाळतात, आणि टर्मिनलवर काम करायचं असेल तर मला ओपनबीएसडी जास्त नीटनेटकं वाटतं. वायफायचं फर्मवेअर वेगळं टाकायला लागतं म्हणून आधी लॅन केबल जवळ ठेवा. वेब बघायला म्हणून लिनक्स टाकत असाल तर राहू दे, दीड जीबी रॅमवर आजच्या साइट्स कुठल्याही सिस्टिमवर रडवतात.

वायफाय टायगरवर पण २.४ गिगाहर्ट्झच पकडतं आणि डब्ल्यूपीए-२ (वायफायच्या कुलपाचा प्रकार) पर्यंतच, तुमच्या फायबरच्या राउटरवर डब्ल्यूपीए-३ सक्तीचं असेल तर नाव दिसेल पण जोडणार नाही, गेस्ट नेटवर्क डब्ल्यूपीए-२ वर ठेवून द्या.

चार्जर मामांचाच आहे म्हणालात, मग वायर गोल कनेक्टरपाशी सोललेली आहे का बघा, ती तिथेच तुटते. रिंग नारिंगी म्हणजे चार्ज होतोय, हिरवी म्हणजे भरला. दुसरा घ्यायची वेळ आली तर बुधवारच्या बाजारात गोदाकाठी पांढरे चौकोनी पडलेले दिसतात, मागचं लेबल वाचून घ्या, २४ व्होल्ट ४५ वॉट किंवा पॉवरबुकचा २४.५ व्होल्ट ६५ वॉट, दोन्ही चालतात. १९ व्होल्टचा युनिव्हर्सल पिन बदलून लावू नका. आणि बॅटरी उलटी करून टेबलावर ठेवून बघा, डुलत असेल तर फुगलीये, ती काढून टाका, आयबुक बॅटरीशिवाय चार्जरवर व्यवस्थित चालतो, फक्त तारीख दर वेळी टाकायला लागेल.

आज एवढंच करा: ऑप्शन धरून काय दिसतं, आणि ओपन फर्मवेअरमध्ये डिर केल्यावर काय दिसतं, त्या दोन स्क्रीनचे फोटो टाका. डिस्कचा आवाज कसा येतोय तेही लिहा. पुढचं त्यावरून सांगतो.